कुशाबाच्या गुडघ्यातलं लोखंड

कुशाबा मुंबईहून गुडघ्यात लोखंड घालून आला आणि त्या दिवसापासून आमच्या वाडीत एकाचंही डोकं ठिकाणावर राहिलं नाही. माझं तर नाहीच. मी गोमाजी, वाडीचा गुरव. देवी काय म्हणते ते माणसांना सांगायचं हे माझं काम, आणि नेमकं मलाच काही कळेनासं झालं.

सन एकोणीसशे तेहेतीसची गोष्ट. आमची वाडी पोलादपुराच्या वर, डोंगराच्या सोंडेवर. वीस-बावीस घरं, त्यातल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. कुशाबा गोदीत होता. त्या श्रावणात कापसाची गाठ सुटून त्याच्या उजव्या पायावर आली आणि नडगीचं हाड वर गुडघ्यापाशीच फुटलं. असं हाड फुटलेला माणूस आमच्याकडे जन्मभर कुबडी घेऊन फिरतो. कुशाबा मात्र दिवाळीच्या तोंडावर बोटीनं दासगावला उतरला, महाडहून बैलगाडीनं पोलादपूरला आला आणि तिथून चौघांनी त्याला डोलीत घालून वर आणला. पाय मांडीपासून घोट्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टरात. खाली ठेवल्या ठेवल्या गड्यानं बायकोकडे पाहिलं नाही की पोराला जवळ घेतलं नाही. खिशातून तपकिरीची डबी काढली आणि तिच्यातला स्क्रू सगळ्यांना दाखवला.

"ह्ये असले चार आत हायत," तो म्हणाला. "आन् एक पट्टी. ह्यो लांब पडला म्हनून डाक्टरानं काढलान, आन् मला दिलान."

स्क्रू बोटाच्या दोन पेरांएवढा. चांदीसारखा लखलखीत, पण चांदी नव्हे. हातोहात फिरून तो आमच्या कोंडाजी लोहाराकडे गेला, तो काही लवकर परत येईना.

मग कुशाबानं सगळी हकिगत सांगितली. तशी ती त्यानं पुढच्या महिन्याभरात पन्नास वेळा सांगितली असेल.

"कंबरंत सुई मारलीन. खालचं अंग माजं नायसंच झालं. पन कान जागं व्हतं ना! मधी पडदा, आन् पडद्यापल्याड सुतार बसलाय का काय असं वाटं. आदी भोक पाडायचं घर्रर्र. मग इस्क्रू पिळायचा आवाज. मी म्हनलं, डाक्टरसायेब, दार बशिवताय का खिडकी? तो हसला ना! म्हनाला, दारच बशिवतोय, बिजागरी मोडलीय तुजी."

बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. कोंडाजीला मात्र हत्यारांची पडली होती.

"हाड आन् पट्टी एका जागी धरली कशी त्यानं? सरकायची ना?"

"त्याला डाक्टरानं सोताच्या डोक्यानं एक चिमटा काढलाय. अडकित्त्यावानी, पन आतल्या अंगाला दातं, आन् मागं चाकी. चाकी पिळली का चिमटा आपला आपुन धरून ऱ्हातो. डाक्टरचे दोनी हात मोकळे. आदी म्हनं एक मानूस नुसता धरायलाच लागायचा, आन् त्याचा हात हालला का भोक वाकडं. आता हालायचं नावच नाय."

"कुनी घडवलान?"

"मुंबईतल्याच एका लोहारानं. डाक्टर कागदावर चित्र काढून द्येतो, लोहार घडवतो. तीनदा मोडला म्हनं, चवथ्यांदा बसला."

कोंडाजी मान हलवत राहिला. मुंबईतल्या त्या लोहाराचा त्याला हेवा वाटला असावा. मलाही या सगळ्याचं कौतुक वाटत होतं. तेवढ्यात मागून महिपतीनं खाकरून घशातलं मोकळं केलं.

"समदं खरं. पन शिमग्याला पुढच्या खांद्याचं काय?"

त्याचा प्रश्न रास्त होता, आणि महिपतीचे रास्त प्रश्न नेहमीच नको त्या वेळी येतात.

झालं असं की आमच्या वाघजाईला लोखंड चालत नाही. का चालत नाही ते कुणालाच ठाऊक नाही; माझ्या आज्याला विचारलं होतं तर त्यानं मला थोबाडीत दिली होती. देवीचं मूळस्थान वरच्या राईत आहे. राईच्या तोंडाशी एक आडवा धोंडा आहे, त्याला आम्ही शिवेचा धोंडा म्हणतो. तिथं येईल त्यानं कमरेचा कोयता काढून धोंड्यावर ठेवायचा आणि मग आत जायचं. आमच्या पालखीत एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. शिमग्याच्या पौर्णिमेला ती पालखी खालच्या देवळातून निघते, राईत चढते आणि मूळस्थानापुढे नाचते. तिचा पुढचा खांदा कुशाबाच्या घराचा. किती पिढ्यांचा, ते त्यालाही सांगता येणार नाही. आणि आता त्याच्या गुडघ्यात एक पट्टी आणि चार स्क्रू.

मानाचा आणखी एक नियम आहे, तो इथंच सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावर आहे. ज्याचा मान त्यानं आपल्या तोंडानं सोडला, आजारी आहे म्हणून सोडला की म्हातारा झालो म्हणून, तर तो मान घरातून कायमचा गेला. देवीनं नाकारला तर गोष्ट वेगळी. मग मान घरातच राहतो. त्या वर्षी त्या घराचं पागोटं पालखीच्या दांडीला बांधायचं आणि दुसऱ्या कुणी त्यांच्या नावानं खांदा द्यायचा. महिपतीच्या आज्याला दमा लागला तेव्हा तो म्हातारा भर सभेत म्हणाला, "आता माझ्यानं ढोल व्हायचा नाय." त्याच दिवशी ढोलाचा मान त्यांच्या घरातून गेला, तो गेलाच. महिपती ते विसरलेला नव्हता.

कुशाबाला एकच मुलगा, तो तेव्हा तीन वर्षांचा. म्हणजे मान टिकवायचा तर कुशाबानंच टिकवायचा होता, निदान पंधरा वर्षं.

"कुशा, ह्ये लोखंड हाय का?" मी विचारलं. मला वाटलं, गडी म्हणेल, छे, कसलं लोखंड! मग बाकीचं मी सांभाळून घेतलं असतं.

"लोखंडच की," कुशाबा म्हणाला. "दुसरं काय असनार?"

मला असा संताप आला! लहानपणापासून आम्ही एका ताटात जेवलो. मी याच्यासाठी फट शोधतोय आणि हा शहाणा स्वतःच ती बुजवून टाकतोय. मुंबईत जाऊन माणसं हुशार होतात म्हणतात, हा खुळा होऊन आला.

"तुला रे काय कळतंय लोखंडातलं?" मी ओरडलो. "कोंडाजी, तू सांग."

कोंडाजीनं स्क्रू दातांत धरून पाहिला, दगडावर आपटून आवाज ऐकला, जिभेला लावला. "आवाज लोखंडाचा," तो म्हणाला. "चव नाय लोखंडाची. असं करू. राहीवैनी, ह्यो आन् माजा एक खिळा तुमच्या रांजनाखालच्या वल्यात पुरून ठिवा. म्हयन्यानं बगू. गंजंल त्ये लोखंड."

राहीबाई, कुशाबाची बायको, हिनं दोन्ही पुरले. महिन्यानं काढले तेव्हा कोंडाजीचा खिळा तांबडाभडक होऊन पापुद्रे सोडत होता आणि स्क्रू जसाच्या तसा. पदराला पुसला तर त्यात तोंड दिसावं. वाडीत आनंदीआनंद झाला. गंजत नाही म्हणजे लोखंड नाही, संपलं! फक्त कोंडाजी खूश नव्हता. त्याला वाटत होतं, आपला खिळाच वाईट होता की काय. आणि कुशाबा खूश नव्हता.

"मुंबईचं लोखंड आसंल," तो पुटपुटला. "डाक्टर तरी लोखंडच म्हनाला."

पुन्हा तेच! मी त्याच्या दारातून पाय आपटत निघून आलो. घरी तुळसाला, माझ्या बायकोला म्हणालो, "ह्याला मान नको झालाय का काय?" ती म्हणाली, "मान कुनाला नको व्हतो? खरं बोलायची खोड हाय त्याला, दुसरं काय." मला ते पटलं. पटायला नको होतं.

पौषात महाडच्या दवाखान्यात त्याचं प्लास्टर कापलं. काठी घेऊन चालायला लागला, मग माघात काठीही सोडली. चालताना किंचित लचकायचा एवढंच. वाडीतली म्हातारी माणसं त्याच्या गुडघ्याला हात लावून बघायची. आता मोडायचा नाय, म्हणायची, आत लोखंड घातलंय. म्हणजे पाय मजबूत आहे असं सांगायचं असलं की लोखंड, आणि देवीचा विषय निघाला की लोखंड नाही. मीही तसंच बोलायचो. एका तोंडानं दोन्ही बोलायचो आणि त्यात काही चुकतंय हे माझ्या लक्षात यायचं नाही.

शिमगा महिन्यावर आला तसा महिपती पुन्हा उठला. "गंजत तर सोनं पन नाय. म्हनून ह्ये सोनं हाय का? नक्की काय ते ठरवा, मग पालखी हालवा." त्याच दिवशी संध्याकाळी कुशाबा स्वतः माझ्याकडे आला. हातात चार घड्यांचा एक कागद आणि स्क्रूची ती डबी.

"डाक्टरानं दिलेला कागद हाय. इंग्रजीत. महाडला नेऊन वाचून आन, गोमा."

"काय लिवलंय?"

"मी काय सांगू? कागद काय सांगतो ते तू ऐक. समदा ऐक."

शेवटचे दोन शब्द त्यानं सावकाश उच्चारले. मला आज ते जसेच्या तसे ऐकू येतात. तेव्हा आले नाहीत.

महाडच्या शाळेत मुरारी मास्तर होते, आमच्याच खोऱ्यातले, माझ्या ओळखीचे. मधल्या सुट्टीची वाट बघत मी ओट्यावर बसलो. मास्तरांनी कागद उलगडला, चष्मा पुसला आणि वाचू लागले.

"गुडघ्याखालच्या हाडाला एक पट्टी व चार स्क्रू बसवले आहेत. धातू नव्या जातीचं, न गंजणारं पोलाद."

"पोलाद!" मी ओरडलो. "म्हंजे लोखंडच की वो."

"लोखंड आहेही आणि नाहीही," मास्तर म्हणाले. "त्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. शरीरातल्या ओलीनं साधं पोलाद खराब होतं, पाय सुजतो, म्हणून हे नवं काढलंय. थांब, तुला गंमत दाखवतो." आणि ते आतून घोड्याच्या नालेसारखा एक लाल लोहचुंबक घेऊन आले.

त्यांनी तो खिळ्याजवळ नेला, खिळा उडी मारून चिकटला. माझ्या कोयत्याजवळ नेला, कोयता चिकटला. मग मी डबीतला स्क्रू पुढं केला. चुंबक जवळ आला, टेकला, फिरला. स्क्रू हलला सुद्धा नाही.

"ह्ये लोखंडाला वळखतं?"

"ओळखतं. पण या जातीच्या पोलादाला धरत नाही."

मला पुढचं ऐकायचंच नव्हतं. लोखंडाला ओळखणारी वस्तू या स्क्रूला लोखंड म्हणत नाही, आणखी काय पाहिजे? मी ओट्यावर उभाच राहिलो. मास्तर कागदाकडे वळून म्हणाले, "अजून दोन ओळी आहेत खाली, त्या..."

"ऱ्हाऊ द्या, मास्तर! एवढंच पायजे व्हतं. अंधार पडायच्या आत पोलादपूर गाठायचंय. चुंबक तेवढा द्या, शिमग्याला या आन् घेऊन जा."

मास्तरांनी तोंड उघडलं होतं. मी कागदाची घडी घातली, खिशात कोंबली आणि वाट धरली. सबंध रस्ताभर मी हसत होतो. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, गुरव पिऊन चाललाय.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे सगळी वाडी जमवली. कुशाबाला पाटावर बसवला, धोतर गुडघ्यावर सारायला लावलं. गुडघ्याखाली वीतभर लांब व्रण, त्यावर टाक्यांच्या खुणा. आधी चुंबक महिपतीच्याच कोयत्याला लावला. कोयता चिकटला तशी पोरं ओरडली. मग कुशाबाच्या व्रणावर टेकवला आणि हात सोडला. चुंबक घसरून धुळीत पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा खुद्द महिपतीनं लावला, तरी पडलाच.

"बगा!" मी छाती काढून म्हणालो. "आता कुनाला काय इचारायचं हाय?"

"कागद काय म्हनतो?" महिपतीनं विचारलं.

खोटं कसं बोलणार? "पोलाद म्हनतो. पन लोखंडाशिवायचं... म्हंजे लोखंडाचंच, पन..." मास्तरांनी महाडला सांगितलं तेव्हा सगळं कळलं होतं, आणि वाडीत येईस्तोवर ते वाटेत कुठं तरी सांडलं होतं. कुणीतरी म्हणालं, पोलादपुरात राहून पोलादाला कशाला भ्यायचं. लोक हसले. कुशाबा हसला नाही. धोतर खाली ओढून तो माझ्याकडे बघत राहिला.

"समदा कागद वाचलान मास्तरांनी?" त्यानं हळूच विचारलं.

"वाचलान की," मी म्हणालो.

शेवटी ठरलं की कौल लावायचा. पागोट्याच्या किंवा खांद्याच्या बाबतीत वर्षाला एकच कौल, तो एकदा झाला की झाला. देवीच्या शिळेला उजव्या अंगाला एक पाकळी आणि डाव्या अंगाला एक पाकळी पाण्यानं चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

आता जे सांगतो ते मी तेव्हा कुणालाही सांगितलं नव्हतं, तुळसालाही नाही. बावीस वर्षं मी पाकळ्या लावत होतो. ओल किती ठेवली तर पाकळी किती वेळ धरते, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. बावीस वर्षांत मी त्या ठाऊक असण्याचा एकदाही उपयोग केला नव्हता. कौलाच्या सकाळी केला. डावी पाकळी चांगली भिजवून दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली. माझं मन म्हणत होतं, देवीलाही हेच हवं असणार. कुशाबासारखा माणूस तिला कुठं मिळायचा?

मी गाऱ्हाणं घातलं, "गो वाघजाय आये, तुज्या ल्येकरानं पाय मोडून घ्येतला, परक्या मुलखात जीव वाचिवला."

"व्हय गो आये," सगळे म्हणाले.

"त्याच्या पायात काय हाय त्ये आमाला कळत नाय. तुला कळतंय."

"व्हय गो आये."

"तुज्या राईत त्याला घे, नायतर..."

उजवी पाकळी पडली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पडली. ढोल वाजला, महिपतीनं कपाळ टेकून निकाल मान्य केला. राहीबाई खांबाला धरून रडत होती. मला वाटलं, आनंदानं रडतेय. कुशाबा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, देवीच्या मायेनं भारावला. मी एवढा मूर्ख असेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

पौर्णिमेला सकाळी उन्हं देवळावर आली तशी पालखी उठली. पुढच्या खांद्याला कुशाबा, मागच्याला दोघं जण. पुढे मी, पूजेचं ताट घेऊन. देवळापासून शिवेच्या धोंड्यापर्यंत वाट सपाट आहे, शंभर-दीडशे पावलं. धोंड्यापुढे राईची चढण, आणि वर पोहोचल्यावर अर्धा प्रहर नाचवणं. नाचवणं म्हणजे खांद्यावरची पालखी घेऊन उड्याच मारायच्या असतात.

धोंड्यापाशी माणसं कोयते काढून ठेवू लागली. तेवढ्यात गर्दीतून मुरारी मास्तर आले. चुंबक न्यायला आले असतील म्हणून मी हसलो. त्यांनी माझा दंड धरला.

"पालखीखाली तो कुशाबा का रे? त्याला कसं उभं केलंस?"

"कौल पडला, मास्तर. उजवा."

"अरे, कागदावर लिहिलंय ना! तुला वाचून दाखवत होतो तर पळालास. एक वर्ष त्या पायावर ओझं घ्यायचं नाही. घेतलं तर पट्टी हाडातून सुटेल, आणि मग पाय गुडघ्यातून कापावा लागेल. तो स्वतः काही बोलला नाही?"

मी वळून कुशाबाकडे पाहिलं. एवढ्या सपाट वाटेनंही तो घामानं भिजला होता. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. त्यानं मास्तरांना पाहिलं होतं, मलाही पाहिलं होतं. मी ताट घेऊन त्याच्यापाशी गेलो.

"कुशा, मास्तर म्हनतात त्ये खरं?"

"मला इचारू नको," तो दात आवळून म्हणाला. "माज्या तोंडानं काय बोलायचं नाय मला. ल्येक ल्हान हाय माजा."

तेव्हा मला कळलं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं एकदम कळलं. त्याला देवीचं 'नाही' हवं होतं. देवीनं नाकारलं असतं तर दांडीला पागोटं बांधलं गेलं असतं, पाय वाचला असता आणि मान पोराला राहिला असता. म्हणून तो जीव तोडून सांगत होता की हे लोखंडच आहे. म्हणून त्यानं कागद पाठवला. आणि मी, त्याचा दोस्त, प्रत्येक दार त्याच्या तोंडावर लावत आलो आणि वर त्याच्याच भल्यासाठी म्हणून देवीच्या अंगावरची पाकळी सैल ठेवली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

ढोलवाल्यानं टिपरी उचलली. मागचे दोघं म्हणाले, "चल रे कुशा." कुशाबानं उजवा पाय पुढं टाकला.

"थांबा!" मी ओरडलो. "पालखी खाली घ्या. कौल खोटा हाय."

ढोल थांबला. कुणाला काही उमगेना.

"पाकळी देवीनं टाकली नाय," मी म्हणालो. "मी टाकली. सैल लावली व्हती."

महिपती गर्दीतून पुढं आला. मला वाटलं, आता हा माझ्या मुस्कटात मारणार. पण तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "गोमा, सुद्धीवर हायस का? तोंडानं बोलतोयस तू. पुन्ना मागं घेता येनार नाय." ढोल गेलेल्या घरातला माणूस होता तो. त्याला ठाऊक होतं मी काय घालवतोय, आणि तो मला माघार घ्यायला वाव देत होता. महिपतीबद्दल मी जे काही बोललो असेन त्याची मला तिथंच शरम वाटली.

"सुद्धीवर हाय. तोंडानंच बोलतोय. आजपासून मी गुरव नाय."

मागं तुळसा होती. ती वाटेच्या कडेला मटकन खाली बसली.

पुढचं फार भराभर झालं. कौल बाटला म्हणजे कौल नाहीच, आणि वर्षाला दुसरा लावता येत नाही. म्हणजे देवीचा होकार नाही. कुशाबाचं पागोटं महिपतीनं स्वतः उतरवून दांडीला बांधलं, नीट तीन वेढे घालून, आणि त्याच्या नावानं खांदा दिला. माझ्या हातातलं ताट माझ्या चुलतभावानं, भागोजीनं घेतलं. घेताना त्यानं माझ्या डोळ्यांना डोळा दिला नाही. ढोल पुन्हा सुरू झाला आणि सगळे चढण चढून राईत गेले. मास्तरही गेले, वहाणा हातात घेऊन. चुंबक घेऊन जायचं त्यांनाही सुचलं नाही.

धोंड्यापाशी आम्ही दोघंच उरलो. आत जायची मुभा दोघांनाही नव्हती. कुशाबा पाय लांब करून बसला आणि गुडघा चोळत राहिला.

"मला येकट्याला गाठून सांगायचंस तरी," मी म्हणालो.

"तुला सांगनं म्हंजे देवीला सांगनं. गुरव व्हतास तू. कागद दिला व्हता ना. कागदाला तोंड नस्तं."

"मी वाचूच दिला नाय, रे."

"म्हाईत हाय. चुंबक नाचवत आलास तवाच कळलं." तो माझ्याकडे वळला. "गोमा, तुजा मान ग्येला, रे, माज्यापायी."

रडू येत होतं ते मी येऊ दिलं. कुशाबानं तपकिरीची डबी काढली, तिच्यातला स्क्रू काढला आणि धोंड्यावर कोयत्यांच्या ओळीत नेऊन ठेवला. तीस-चाळीस काळपट कोयते आणि त्यांच्या शेवटी तो एवढासा लखलखीत स्क्रू. लोखंड होतं की नव्हतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

वर ढोल थांबला. भागोजीनं गाऱ्हाणं सुरू केलं. त्याचा आवाज बारीक, राईतून तुटक तुटक येत होता. मानाच्या सात घरांची नावं घेतली आणि आठव्याला अडला. पाठ कधी केलंच नव्हतं बिचाऱ्यानं, त्याच्यावर ही पाळी येईल असं कुणाला वाटलं होतं? माझे ओठ आपोआप हलू लागले. आठवं घर कुशाबाचंच होतं. मी खाली मान घालून, आवाज न करता म्हणण्याचा प्रयत्न केला, पण आवाज आलाच.

"गो वाघजाय आये, पुढच्या खांद्याच्या घराला सांबाळ. त्याच्या ल्येकाला मोटा कर."

"व्हय गो आये," शेजारून कुशाबा म्हणाला.